भिंगरीच्या हातावरचे दात

१. तिसरा चावा

चावा कोणी घेतला हे कोणीही पाहिलं नव्हतं, पण गुन्हेगार कोण हे मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

पाळणाघरातली दुपारची झोप संपत आली होती. छोट्यांच्या खोलीतले पडदे मावशींनी अर्धे सारले, तर भिंगरी गादीवरून उठून त्यांच्यापुढे उभी. दोन वर्षांची ही पोर एरवी एका जागी टिकायची नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. आता मात्र डावा हात पुढे धरून गप्प उभी होती. बाही कोपराच्या वर सारलेली, आणि खाली उघड्या हातावर दातांची लालबुंद गोल खूण. आठवड्यातली ही तिसरी खूण, आणि तिन्ही वेळा भिंगरीच्याच हातावर.

"अगं बाई, परत!" मावशी म्हणाल्या आणि त्यांची नजर आपोआप खिडकीखालच्या गादीकडे गेली. तिथे बोका तोंड उघडं टाकून घोरत होता. मावशींना वाटलं, लबाड सोंग घेतोय.

आता खरं सांगायचं तर बोक्याने हा लौकिक स्वतःच्या कष्टाने कमावला होता. मागच्या महिन्यात लाल ट्रकवरून भांडण झालं, तेव्हा त्याने पैलवानाच्या खांद्याचा असा लचका तोडला की स्वेटरची लोकर दातात अडकली. पैलवान म्हणजे वर्गातलं सगळ्यात वजनदार प्रकरण. त्याच्या किंकाळीने खालच्या मजल्यावरचा न्हावी दुकान सोडून वर धावला होता. तेव्हापासून पाळणाघरात कोणाला नुसता ओरखडा उठला तरी लोक आधी बोक्याच्या तोंडाकडे बघत.

संध्याकाळी बोक्याची आई त्याला न्यायला आली, तेव्हा दारात गप्पा मारणारे पालक एकदम गप्प झाले. पैलवानाच्या आजोबांनी नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, म्हणजे बोक्यापासून लांब. बोक्याची आई दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. दिवसभर माणसं तिच्याकडे बघून तोंड फिरवत, त्याचं तिला काही वाटत नसे. हे मात्र फार लागलं.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी तिला आत बोलावलं. "भिंगरीचे वडील उद्या संध्याकाळी येतायत. वकील आहेत ते. बोक्याला काढा, नाहीतर लेखी तक्रार करतो म्हणालेत. मला वाईट वाटतं हो, पण मी तरी काय करू?"

ती मनातल्या मनात हिशेब घालू लागली. नवरा जहाजावर, घरी यायला अजून कितीतरी महिने. गावातल्या बाकीच्या पाळणाघरांनी आधीच हात वर केलेले. बोक्याची इथली जागा गेली की तिची नोकरी गेलीच. आणि लॅबमध्ये कायम होण्याच्या बेतात असताना!

दाराच्या चौकटीला टेकून छोट्यांच्या खोलीच्या ताई उभ्या होत्या. चष्मा डोक्यावर, ओढणीला कोणाचा तरी शेंबूड पुसलेला. "बाई, मला उद्याचा दिवस द्या," त्या म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही उद्या रजा घ्या. सकाळपासून खोलीत येऊन बसा. पण अट आहे. काहीही दिसलं तरी मध्ये पडायचं नाही."

"काय दिसणार आहे, ताई?"

"ते मला ठाऊक असतं तर तुमची रजा कशाला वाया घालवली असती?"

२. वकीलसाहेबांची उलटतपासणी

ताईंनी विहिरीत उडी मारा म्हटलं असतं तरी बोक्याच्या आईने आधी पदर खोचला असता. बोका नवा होता तेव्हा कित्येक दिवस भोकाड पसरायचा. ताई त्याला कडेवर घेऊन एका हाताने जेवायच्या. पैलवान-प्रकरण झालं त्या दिवशी ती लाजेने अर्धमेली झाली होती. "मी त्याला एकदा चावून दाखवते, म्हणजे कळेल दुखतं कसं," असंही म्हणाली होती.

"तुम्ही चावलात तर तो एवढंच शिकेल, की मोठी माणसंही चावतात," ताई म्हणाल्या होत्या. "दाढा येतायत त्याच्या, आणि 'माझं आहे' एवढं म्हणायला तोंडात शब्द नाहीत. तो वाईट नाहीये हो. घाईत आहे, एवढंच."

ताईंची रीत ठरलेली होती. चावणाऱ्यावर आरडाओरडा नाही. आधी चावा बसलेल्याला जवळ घ्यायचं, मांडीवर बसवून गार ओल्या फडक्याची घडी ठेवायची, फुंकर घालायची. मग चावणाऱ्याला नजरेला नजर देऊन एकच वाक्य, "माणसाला चावायचं नाही," आणि हातात रबराची कडी. आणि एक नियम तर दगडावरची रेघ होता. कोण चावलं त्याचं नाव दुसऱ्या पालकांना कधीही सांगायचं नाही. दोन वर्षांच्या जिवावर शिक्का बसला की तो पुसला जात नाही, असं ताईंचं म्हणणं.

म्हणून तर तिला नवल वाटत होतं. ताईंनी नाव सांगितलं नाही, तर वकिलांना बोक्याचं नाव कळलं कसं?

हाच प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी भिंगरीला सोडायला आलेल्या वकिलांना विचारला. माणूस कडक इस्त्रीतला, पण डोळे तांबारलेले आणि काळ्या कोटाच्या खांद्यावर दुधाचा वाळका डाग. भिंगरी त्यांच्या पायाला मिठी मारून बसली होती. ते एक पाय झटकत घड्याळ बघत होते.

"कळायचं काय त्यात? मी स्वतः तिला विचारलं. म्हटलं, बोका चावला का? म्हणाली, हो. प्रत्यक्ष साक्ष आहे ही."

"आणि बोका हे नाव तुम्हाला कोणी दिलं?"

"अहो, दारात सगळेच बोलतात!"

"बरं. रात्री झोप होते का तुमची?"

वकील चमकले. "माझ्या झोपेचा इथे काय संबंध? घरी तान्हं बाळ आहे, होणार कुठून झोप! त्यात हिचं हे रोजचं. ताई, संध्याकाळी मला निकाल पाहिजे." पाय सोडवून घेऊन ते तरातरा निघून गेले. जाताना बोक्याच्या आईकडे त्यांनी असं पाहिलं, की ती नकळत बोक्याच्या पुढे सरकली.

भिंगरी दाराकडे बघत राहिली. रडली नाही. ताईंच्या कपाळाला मात्र आठी पडली.

३. साक्षीपुरावे

पहिली साक्ष मावशींची झाली. त्या खरकटं पुसता पुसता बोलत होत्या आणि आपल्यावर हलगर्जीपणाचा ठपका येणार या भीतीने आधीच रडवेल्या झाल्या होत्या.

"मी चादरी आणायला आत गेले, तेवढ्यात झालं. तुम्ही होतात की पलीकडे, धाकट्या जुळ्यांना थोपटत होतात."

"भिंगरी ओरडली?"

"नाही. आली आणि हात दाखवला."

"डोळ्यात पाणी?"

मावशींचा हात थांबला. "नव्हतं हो. आणि मी काही म्हणायच्या आत ती ओल्या फडक्यांच्या डब्याकडे चालायला लागली."

"बाही तुम्ही वर केलीत?"

"नाही बाई. वरच होती."

ताई "हं" म्हणाल्या आणि पुढचे साक्षीदार घेतले. आता दोन वर्षांच्या साक्षीदारांची जबानी घेणं म्हणजे काय, ते ज्याने घेतली त्यालाच माहीत. पैलवानाला विचारलं, तर त्याने बिस्कीट मागितलं. जुळ्यांपैकी एकीने ताईंच्या चष्म्याची काडी चोखली, दुसरी शूचं सांगून मोकळी झाली. मुख्य आरोपीला विचारलं, "बोक्या, भिंगरीला कोण चावलं?" तेव्हा त्याने ट्रक डोक्यावर धरून "भुर्र" असा कबुलीजबाब दिला. त्याच्या आईला हसावं की रडावं ते कळेना.

शेवटी फिर्यादी. ताई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"भिंगरे, तुला बोका चावला?"

"हो," भिंगरी म्हणाली.

बोक्याच्या आईने डोळे मिटले.

"पैलवान चावला?"

"हो."

"मावशी चावल्या?"

"हो."

"आणि हे भिंतीवरचं घड्याळ? ते चावलं?"

भिंगरीने घड्याळाकडे जरा वेळ नीट बघितलं. "हो," ती खात्रीने म्हणाली.

मावशी फिसकन हसल्या. ताई हसल्या नाहीत. "आजवर तिला आपण सगळ्यांनी नाव घालूनच विचारलं," त्या हळूच म्हणाल्या. "ज्याचं नाव घातलं तो अडकला."

बोक्याच्या आईला वाटलं, सुटलो. पण तेवढ्यात तिची नजर पलीकडे गेली. बोका भिंगरीच्या दिशेने चालला होता, आणि त्याचं तोंड सताड उघडं होतं.

४. बोका कुठे होता

मध्ये पडायचं नाही ही अट तिने कशी पाळली ते तिचं तिलाच ठाऊक. साक्ष संपल्याबरोबर भिंगरीने त्याचा ट्रक पळवला होता, बोक्याचे दात तिच्या खांद्यापाशी पोचले होते, आणि तेवढ्यात ताईंचा तळहात मध्ये आला. आवाज नाही, झटापट नाही. "ट्रक हवाय? 'दे' म्हण. दे." दुसऱ्या हाताने रबराची कडी त्याच्या तोंडात गेलीसुद्धा. बोका कडी कराकरा चावत म्हणाला, "ए!" हा त्याचा 'दे' होता. ताईंनी त्याला शाबासकी दिली.

पण आईचा धीर खचला. म्हणजे हा चावतोच! डोळ्यादेखत चावायला निघाला होता! तिने बोक्याला उचलून कोपऱ्यातल्या छोट्या खुर्चीवर बसून घट्ट मांडीत धरलं. मनात आलं, घरी जावं. ताई इतकं करतायत, त्यांना तरी का लाजेत घालायचं?

"पाहिलंत ना?" ताई जवळ येऊन म्हणाल्या.

"पाहिलं, ताई." ती मान खाली घालून म्हणाली. "तुमचे उपकार आहेत. मी त्याला घेऊन जाते."

"नीट नाही पाहिलंत. तो गेला कसा? भर खोलीत, सगळ्यांसमोर, कपड्यासकट चावायला. हा..."

तेवढ्यात पैलवान घसरगुंडीवरून धपकन पडला आणि त्याचा तो प्रसिद्ध सूर लागला. ताई धावल्या, त्याला मांडीवर घेतलं, कपाळाच्या टेंगळावर गार फडकं धरलं. मावशी दूध गरम करायला गेल्या होत्या. जुळ्या जेवणाच्या उंच खुर्च्यांत पट्ट्याने अडकवलेल्या, केळं कालवत बसलेल्या. पैलवान हुंदके देत देत शांत होत होता.

आणि पडद्याआडून भिंगरी बाहेर आली. डावा हात पुढे, बाही वर, आणि कोपराखाली दातांची ओली, ताजी, लाल खूण.

बोक्याच्या आईने खाली पाहिलं. बोका तिच्या मांडीत होता. कडी चोखत, तिच्या बांगडीशी खेळत, मघापासून तिथेच.

५. निकाल

संध्याकाळी बाईंच्या खोलीत चौघं बसली. ताईंनी भिंगरीच्या हातावरची खूण वकिलांना दाखवली आणि बोका कुठे होता तेही सांगितलं.

"आईच साक्षीदार!" वकील उसळले. "ती काय मुलाच्या विरुद्ध बोलणार?"

"मीही तिथेच होते. ते राहू दे. साहेब, तुम्ही पुरावा तपासणारे आहात, मग तपासा. बोका चावला होता तेव्हा स्वेटरवरून चावला होता. रागावलेलं मूल समोरच्याची बाही वर करत बसत नाही. इथे चारही वेळा बाही आधीच वर होती. बोका चावला तर पैलवानासारखी आरोळी उठते. भिंगरीच्या डोळ्यात एकदाही पाणी नाही. खूण दरवेळी डाव्याच हातावर, आणि तीही त्याच जागी. आता जरा कोट काढता का?"

"कशाला?"

"काढा तर."

वकिलांनी कुरकुरत कोट काढला, शर्टाची बाही वर सारली.

"आता डावा हात कोपरात दुमडून तोंडाकडे न्या. ओठ कुठे टेकतात?"

वकिलांचे ओठ कोपराच्या जरा खाली टेकले होते, बरोबर तिथेच. त्यांनी हात खाली घेतला आणि त्या जागेवर अंगठा टेकवला.

"स्वतःच?" बाई पुटपुटल्या. "पण का?"

"ते कळायला मला उशीर झाला," ताई म्हणाल्या. "पहिल्या खुणेच्या वेळी जुळ्यांतली एक माझ्या मांडीवर होती, तिला ताप होता. नंतरच्या दोन्ही वेळा मी कोणाला ना कोणाला थोपटत होते. आज पैलवान होता. माझी मांडी अडली की भिंगरीचा हात चावला जातो. चूक आमचीच आहे, साहेब. ज्याला लागलं त्याला आधी जवळ घ्या, हे मीच इथे घालून दिलेलं. तिने ते बघितलं आणि तिच्या परीने हिशेब मांडला. मांडी हवी, तर चावा पाहिजे."

"ती माझ्याशी खोटं बोलली," वकील म्हणाले. पण त्यात राग नव्हता.

"तिला खोटं बोलता येत नाही अजून. तुम्ही विचारलंत, ती हो म्हणाली. तुम्ही तिच्याकडे बघून बोलत होतात ना, तेवढं तिला पुरे होतं."

वकिलांनी चेहरा हातात घेतला. "बाळ झाल्यापासून," ते म्हणाले, "मी तिला उचललेलंच नाही. सकाळी पाय झटकून गेलो. तुम्ही बघत होतात." मोठमोठ्यांची बोलती बंद करणारा तो माणूस शर्टाच्या वर केलेल्या बाहीला डोळे पुसत होता, आणि बोक्याच्या आईला त्याच्यावर रागावताच येईना.

उपाय साधाच ठरला. आल्या आल्या, काही लागायच्या आत, भिंगरीला मांडी मिळायची. हात तोंडाकडे जाताना दिसला की रागवायचं नाही, "ये" म्हणायचं आणि तिला तो शब्द शिकवायचा. घरी रोज थोडा वेळ तिचा एकटीचा, आईबरोबर नाहीतर बाबांबरोबर.

"आणि बोका?" बाईंनी विचारलं.

"बोका राहतो," ताई म्हणाल्या. मग त्या बोक्याच्या आईकडे वळल्या आणि पहिल्यांदाच अडखळल्या. "पण एक आहे. आपला नियम. कोण चावलं ते बाहेर सांगायचं नाही. भिंगरीचं नाव मी दारात सांगू शकत नाही. म्हणजे बाहेर लोक बोक्यालाच..."

तिला कळलं. उद्याही दारातली माणसं गप्प होणार होती. पैलवानाचे आजोबा कड बदलणार होते. शिक्का तसाच राहणार होता, आणि पुसणारी गोष्ट तिच्या मुठीत असून ती उघडता येणार नव्हती. क्षणभर तिच्या मनात आलं, का म्हणून मी गप्प बसू? माझ्या पोराने काय घोडं मारलंय?

मग तिला तो पडद्याआडून पुढे आलेला हात आठवला.

"नका सांगू, ताई," ती म्हणाली. "तिला हसतील लोक. माझ्या मुलाच्या वेळीही तुम्ही तोंडातून नाव काढलं नाहीत, ते मी विसरले नाहीये. बोका राहिला, मला याहून जास्त काही नको."

वकिलांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

६. दारात

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बोक्याला आणलं, तेव्हा दारात नेहमीची गर्दी होती. आणि नेहमीप्रमाणेच बोलणं थांबलं. तिने ठरवलं होतं, खाली बघायचं नाही. तरी पायरी चढताना मान खाली गेलीच.

"जरा ऐका," मागून आवाज आला.

वकील होते. कोट नव्हता आज. भिंगरी त्यांच्या कडेवर होती, दोन्ही हात त्यांच्या गळ्यात.

"मी इथे सगळ्यांना सांगत फिरलो, की बोका माझ्या मुलीला चावला," ते न्यायालयात बोलावं तसे खणखणीत बोलले. "तो तिला एकदाही चावलेला नाही. मी न बघता आरोप केला. यांच्या मुलाला मी इथून काढायला निघालो होतो. मी चुकलो, आणि हे मी तुमच्यासमोर म्हणतोय, कारण आरोपही तुमच्यासमोरच केला होता."

"मग चावलं कोण?" कोणीतरी विचारलंच.

भिंगरीच्या पाठीवरचा वकिलांचा हात जरा घट्ट झाला. "तो माझ्या घरचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "चूक माझी होती, एवढं पुरे."

काल ताईंपुढे बोक्याची आई रडली नव्हती, आता मात्र तिला आवरेना. तिला त्यांचे आभार मानायचे होते, ताईंचे मानायचे होते, मावशींचे, बाईंचे, आणि त्या दाराचेसुद्धा. तिने नुसते हात जोडले. वकिलांचे हात मुलीत गुंतलेले होते. त्यांनी मान लववली.

तेवढ्यात पैलवानाचे आजोबा खाकरले. त्यांनी नातवाला कडेवरून खाली उतरवलं, त्याचा हात धरून बोक्यापाशी आणलं आणि म्हणाले, "जा रे, दोघं मिळून आत जा. आणि बोक्याच्या आई, तुम्ही निघा, कामाला उशीर होईल तुम्हाला. हा आत जाईपर्यंत मी उभा आहे इथे."